पोट बरं हाय

आप्पा,

तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून तुम्ही होता तोवर मी तुम्हाला कधी एक ओळ लिहिली नाही. रांजणगावला कंपनीत लागले तेव्हा खोलीवरच्या मुली सुट्टीच्या दिवशी घरी पत्रं लिहीत बसायच्या आणि मी तेवढ्यात मोरी मोकळी बघून कपडे धुवून घ्यायची. आता तर तुम्हाला जाऊनच बरीच वर्षं झाली. तरी आज लिहायला बसले आहे. शिरूरला राहते मी, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली पिठाची गिरणी. आज गिरणीला सुट्टी आणि मलाही. सकाळपासून एका माणसाशी एक शब्द बोललेले नाही. गेले काही महिने माझी पाळी नीट येत नाही. कधी येते, कधी दांडी मारते. वयच झालंय, यात काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणतात. पण तिच्याबरोबर पोटही रुसलंय. जेवले की फुगतं, नाही जेवले तर जळतं. हे कुणाला तरी सांगावं असं मनात आलं, आणि कुणाला ते शोधता शोधता तुमच्यापाशी येऊन थांबले. मलाच हसू आलं. बापाला कुणी असलं सांगतं का? पण मला आई नव्हती, आणि या बाबतीत आयुष्यभरात माझ्याशी जिवाभावानं जो कुणी बोलला तो तुम्हीच. तेही त्या गोष्टीचं नाव एकदासुद्धा तोंडातून न काढता.

आई गेली तेव्हा मी शाळेत जात होते. नंतर एकदा दुपारी शाळेतून घरी आले ती रडतच. शेजारच्या मावशीनं बघितलं, मला आत नेलं, काय ते सांगितलं, आणि बाहेर येऊन तुम्हालाही सांगितलं असणार. तुम्ही ओसरीवर बसून मेंढीच्या पायातला काटा काढत होता. तुम्ही हात धुतलेत, आत आलात, आईची पेटी उघडलीत आणि तिची दोन जुनी सुती लुगडी काढून माझ्या अंथरुणापाशी ठेवलीत. धुऊन धुऊन मऊ झालेली लुगडी होती ती. मग म्हणालात, "फाडून घे. वाईट वाटून घेऊ नगंस, तिला चालंल." एवढं बोलून मेंढरं घेऊन निघून गेलात. संध्याकाळी आलात तेव्हा माझ्यासाठी चुलीवर हुलग्याचं माडगं तुम्ही स्वतः केलंत, गूळ घालून. खाली लागलं होतं, करपट वास येत होता. पलीकडच्या घरातली चुलती येऊन म्हणाली, तिला बाजूला बसवा, चुलीकडं येऊ देऊ नका. तुम्ही म्हणालात, चुलीपाशी तर मीच बसलोय, तिला कुठं येऊ देतोय. बाजूला बसायची चाल आपल्याकडं होतीच, ती तुम्ही मोडली नाहीत. पण वाटी माझ्यापुढं ठेवताना लांबून सरकवलीही नाहीत. हातात दिलीत.

तुम्ही रानोमाळ हिंडलेली माणसं. आजोबा शेवटपर्यंत मेंढरांमागं कोकणात उतरत राहिले, तुम्ही मात्र कालव्याचं पाणी आलं तसे कासुर्डीलाच थांबलात. थोडा ऊस, थोडा कांदा, आणि जीव रमावा म्हणून ठेवलेली चार मेंढरं. मी बारावी झाले आणि कंपनीत जाते म्हणाले तेव्हा सगळ्यांनी नाकं मुरडली. पोरीची जात, एवढ्या लांब, खोली करून राहणार. तुम्ही एवढंच विचारलंत, "तिथं जेवणाचं काय?" मी म्हणाले, कँटीन आहे. तुम्हाला कँटीन म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, कंपनीच जेवायला घालते. तुम्हाला ते फार मोठं वाटलं. "जेवायला घालती म्हंजी कंपनी चांगली हाय," असं तुम्ही सगळ्या आळीला सांगत फिरलात.

कंपनी चांगली का वाईट ते राहू द्या, पण जेवणाचं मात्र तुम्हाला वाटलं तसं नव्हतं. गाड्यांच्या वायरी बांधायचं काम. समोर पट्टा फिरत असतो, त्यावर आपला तुकडा येतो, आपण आपल्या वायरी लावायच्या आणि पुढं सोडायचं. एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. फर्स्ट असली की अंधारात उठायचं, चहात बिस्कीट बुडवायचं आणि बसला धावायचं. संडासला जायला वेळ नसतो, चाळीत एक संडास आणि बाहेर रांग. लाइनवरून उठायचं तर जागेवर बदली माणूस लागतो, तिला रिलिव्हर म्हणायचे, आणि रिलिव्हर कायम दुसऱ्याच कुणाच्या जागेवर असायची. म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. कँटीनच्या बटाट्याच्या रश्शावर तेल तरंगायचं. नवी होते तेव्हा खाल्लं, मग पोट दुखायला लागलं म्हणून सोडलं. सेकंड असली की दुपारी उठून वडापाव खायचा आणि जायचं. पगारातले तुम्हाला पाठवायचे होते, गावाकडच्या घराच्या दुरुस्तीला हवे होते, म्हणून खायला फारसं काही आणायचंही नाही. आम्ही सगळ्याच अशा. कुणी बीडची, कुणी जालन्याची, सगळ्या घरी सांगायच्या, इथं छान चाललंय.

पोट आधी बांधून यायचं. तीन-तीन दिवस काही नाही. मग एकदम सुटायचं. कोपऱ्यावर एक दवाखाना होता, तिथं गेलं की इंजेक्शन आणि कॅप्सूल. दोन दिवस बरं वाटायचं. पुढं दवाखान्यातही जाईना झाले, मेडिकलवाल्यालाच सांगायची, मागच्या वेळच्या त्या लाल-काळ्या द्या. त्या मी किती खाल्ल्या ते मलाच माहीत नाही. कपडे अंगावर सैल व्हायला लागले. लाइनवर डोळ्यांपुढं काजवे यायचे. आणि पाळी आधी उशिरा, मग नुसती डागापुरती, मग आलीच नाही. मला खरं सांगायचं तर तेव्हा बरंच वाटलं. एक कटकट कमी. लाइनवर उठता येत नाही, डाग पडला तर सगळे बघतात, त्यातून सुटले. दोन महिने गेले, तीन गेले. बीडची मुलगी माझ्याच चटईवर झोपायची. एके सकाळी वेणी घालता घालता तिनं हळूच विचारलं, "तुझं काही लफडं तर नाही ना बाई? खरं सांग, मी कुणाला बोलत नाही." मी तिच्यावर इतकी चिडले की आठवडाभर बोलले नाही. पण तेव्हापासून भीती बसली. माझं काही लफडं नव्हतं, मग हे काय आहे? आणि माझंच अंग मला उत्तर देत नसेल तर लोक माझं का ऐकतील?

दिवाळीला घरी आले. चार दिवस राहिले, पाडवा झाला, भाऊबीज झाली. चुलतीचा डोळा माझ्यावर होता. मागच्या भेटीलाही मी बाजूला बसले नव्हते, याही वेळी नाही. तिनं काही मनात धरून केलं असं मी म्हणत नाही. बाईचं लक्ष असतंच. पण ती तुमच्याकडं गेली. मी मागच्या दारी भांडी घासत होते आणि तिचं बोलणं भिंतीआडून ऐकू येत होतं. "भावजी, पोरीला कुठंतरी दाखवा. लवकर दाखवा. पोट दिसाय लागल्यावर मंग काय उपेग न्हाई."  मी राख लावलेलं भांडं तसंच हातात धरून बसले होते. मग तुमच्या वहाणांचा आवाज आला आणि तुम्ही मागच्या दारी येऊन उभे राहिलात. "चल जरा, कालव्याकडनं येऊ," म्हणालात.

आपण कालव्याच्या कडेनं चाललो. तुम्ही पुढं, मी मागं. कालव्याला पाणी सुटलं होतं. तुम्ही माझ्याकडं न बघता बोलायला लागलात, मेंढरांचंच. तुमच्या तरुणपणी एका वर्षी कळप नव्या मुलखात नेला होता म्हणे. तिकडचा चारा पोटाला मानवला नाही, सगळ्या कळपाला हगवण लागली. "त्या सालाला कोकरंच पडली न्हाईत बघ. आमाला वाटलं, मेंढ्याच वांझ झाल्या. पर तसं नव्हतं. पुढच्या सालाला आपल्या रानात आल्या, पोट धरलं, आन् समदं जागच्या जागी." मी रडायच्या बेताला आले होते. म्हणाले, "आप्पा, मी काय मेंढी हाय का? तुमास्नी काय इचारायचंय ते सरळ इचारा." तुम्ही थांबलात. वळलात. माझ्या तोंडाकडं बघितलंत, गळ्याच्या वर आलेल्या हाडांकडं बघितलंत. म्हणालात, "मला काय बी इचारायचं न्हाई. तू जेवतीस का न्हाई, एवढं सांग."

मला त्या क्षणी खोटं बोलता आलं नाही. न्हाई म्हणाले. मग सगळंच सांगितलं, पोटाचं, कॅप्सुलांचं, आणि शेवटी मान खाली घालून तेही. तुम्ही सगळा वेळ कालव्याच्या पाण्याकडं बघत होता, मला बोलायला सोपं जावं म्हणून असेल. मग एवढंच म्हणालात, "उद्या दवाखान्यात जायाचं. बाई डॉक्टर बघू."

शिरूरला बाई डॉक्टर होत्या. चौफुल्याहून एसटी धरली, न्हावऱ्यावरून. तुम्ही धुतलेलं धोतर नेसला होता, मुंडासं नवं बांधलं होतं, खांद्यावर घोंगडी. दवाखान्यात सगळ्या पोटुशा बायका, त्यांच्या सासवा, आणि मधे आपण. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बाबा, पुरुषांनी बाहेर थांबायचं." तुम्ही बाहेर पायरीवर चपलांच्या ढिगापाशी जाऊन बसलात. आत माझी पहिल्यांदा लघवीची तपासणी केली. कशाची ते मला कळत होतं. पडद्याआड उभी राहून मी नखं खात होते, काही केलेलं नसताना. नर्स आली आणि डॉक्टरांना म्हणाली, "निगेटिव्ह आहे मॅडम." बाहेरपर्यंत ऐकू जाईल असं. मला वाटलं, तुम्ही ऐकलं असेल, आता सुटला असाल एकदाचे. पुढं कळलं की तुम्हाला त्या शब्दाचा अर्थच माहीत नव्हता. तुम्ही त्या पायरीवर काहीही माहीत नसताना बसला होता, आणि तसेच शांत होता.

डॉक्टर बाई मोठ्या शांत होत्या. त्यांनी मला पाळीबद्दल दोन प्रश्न विचारले आणि पोटाबद्दल वीस. काय खातेस, कधी खातेस, संडासला कधी होते, रोखून धरतेस का, झोप किती, गोळ्या कुठल्या घेतल्यास. मी आठवेल तसं सांगत गेले. त्यांनी विचारलं, "बरोबर कोण आलंय?" मी म्हणाले, वडील. त्यांनी तुम्हाला आत बोलावलं. तुम्ही खुर्चीवर बसला नाहीत, मुंडासं सावरत दाराशी उभे राहिलात.

"बाबा, घरी दही लावता ना?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"विरजण खराब झालं तर?"

"दूध लागत न्हाई. नासतं."

"आपल्या आतड्यातही एक विरजण असतं. डोळ्यांना न दिसणारे जंतू, पण कामाचे. पोट दुखलं की हिनं कॅप्सूल खाल्ली. त्यात वाईट जंतू मेले तसे हे चांगलेही मेले. आधीच खाणं कमी, त्यात खाल्लेलं अंगी लागेना. शरीर मग खर्च आवरतं. ज्याच्यावाचून जीव चालतो ते आधी बंद करतं. मेंदूकडून पाळीसाठी जो हुकूम सुटायचा, तो सुटतच नाही. आणि पाळी चालवणारी जी द्रव्यं अंगात असतात, हार्मोन म्हणतात त्यांना, त्यातली वापरून झालेली काही आतड्यावाटे बाहेर पडायची असतात. कोठा साफ नसला की तिथंही गडबड होते." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "एवढंच कारण आहे असं मी आज छातीठोकपणे सांगत नाही. रक्त तपासू, थायरॉइड बघू. पण सुरुवात पोटापासून करू."

तुम्हाला किती कळलं कोण जाणे. तुम्ही विचारलंत, "बाई, ह्यात पोरीची काय चूक हाय का?"

"नाही हो. उपाशीपोटी काम करत राहिली, एवढंच."

"मंग झालं," म्हणालात तुम्ही, आणि मुंडाशाच्या शेवटानं तोंड पुसलंत. बाहेर आल्यावर मी तुमच्याकडं बघितलं नाही आणि तुम्ही माझ्याकडं.

रक्त कमी निघालं, बाकी ठीक होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, कॅप्सुला बंद केल्या, वेळेवर जेवण, ताक, भाकरी, पालेभाजी, भरपूर पाणी असं सांगितलं. घरी आलो तेव्हा चुलती उंबऱ्यातच उभी होती. तिनं काही विचारायच्या आतच तुम्ही चार बायकांदेखत म्हणालात, "पोट बिघडलंय तिचं. पोटुशी न्हाई. पोट म्हंजी पोट." मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पण तुम्ही ते बोललात म्हणून पुन्हा कुणी माझ्या तोंडावर काही बोललं नाही. मागून मात्र बोललेच. कोरेगाव भीमाचं एक स्थळ आलं होतं, बघून गेले होते, पसंती कळवायची तेवढी राहिली होती. ती कळलीच नाही. मुलीच्या पाळीचं काहीतरी आहे, असं त्यांच्या कानावर कुणीतरी घातलं. तुम्ही विचारायला गेला नाहीत. "ज्याला पोरीची तब्येत इचारावी वाटली न्हाई, त्याच्या दारात मी कशाला जाऊ?" म्हणालात. पुढंही जुळलं नाही. दोनतीन ठिकाणी बोलणी झाली, मग वय झालं, मग मीच नको म्हणाले. त्याचं मला आता काही वाटत नाही, म्हणजे रोज वाटत नाही.

मी पुन्हा कंपनीत गेले. तुम्हाला वाटत होतं सोडावी, पण मला कायम करतील अशी आशा होती आणि तुम्ही हट्ट धरला नाहीत. त्याऐवजी तुम्हीच यायला लागलात. माझ्या सुट्टीच्या दिवशी, दोन एसट्या बदलून, पुढं वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून. मुलींच्या खोलीत तुम्हाला येता यायचं नाही, म्हणून आपण रांजणगावच्या बसस्टॉपमागच्या लिंबाखाली बसायचो. तुम्ही फडकं सोडायचात. भाकरी, शेवग्याच्या पाल्याची भाजी, डब्यात कण्या आणि किटलीत ताक. एवढ्या प्रवासात ते आंबून फसफसायचं, झाकण काढलं की वास सुटायचा. बाजूला कंपन्यांच्या बसची वाट बघणारी पोरं उभी असायची, माझ्या लाइनवरचीही असायची. मला लाज वाटायची. एकदा मी म्हणाले, भूक नाही, तुम्ही जेवा. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही माझ्यावर ओरडलात, तेही भर रस्त्यात. "ताकाची लाज वाटती तुला? इथं कमवाय आलीस का वाळून मराय आलीस? मी एवढ्या लांबनं काय हिंडाय येतो का?" सगळे बघायला लागले. मी मुकाट्यानं कण्यात ताक ओतून घेतलं. तुम्हीही जेवायला लागलात.  थोड्या वेळानं तुम्ही तुमच्या वाटणीची भाकरी मोडून माझ्या ताटलीत टाकलीत. तेवढंच. समजूत वगैरे काढली नाहीत.

थंडी गेली, उन्हं तापायला लागली. पोट हळूहळू सुधारत होतं. लाइनवर चक्कर यायची थांबली. आणि एका सकाळी मला पाळी आली. मी मोरीत एकटीच उभी राहून हसत होते. खोलीवरच्या मुलींना सांगितलं तर बीडच्या मुलीनं मिठीच मारली. पण मला सांगायचं होतं तुम्हाला, आणि तुम्हाला कसं सांगायचं? दुपारी एसटीडी बूथवर गेले, गावातल्या दुकानात फोन लावला, दुकानदारानं तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही फोन धरला की कायम ओरडून बोलायचात.

"काय झालं?"

"काय न्हाई आप्पा. बरं हाय आता."

"काय बरं हाय?"

"पोट. पोट बरं हाय."

 मागं दुकानातला वजनकाटा वाजत होता. मग एकदम हळू आवाजात, तुमचा वाटेना इतक्या हळू, तुम्ही विचारलंत, "पोट बरं हाय म्हंजी समदंच बरं हाय का?"

"व्हय."

"बरं," म्हणालात, आणि फोन ठेवलात. पुढच्या वेळी घरी आले तेव्हा दुकानदारानं सांगितलं की तुम्ही त्या दिवशी दुकानात होते नव्हते त्या सगळ्यांना चहा पाजला. कशाबद्दल म्हणून विचारलं तर म्हणालात, औंदा पाऊस चांगला होईल. भर उन्हाळ्याच्या तोंडाशी!

आता याबद्दल लोक उघड बोलतात, आप्पा. मोबाइलवर डॉक्टर लोक सांगत असतात, आतड्यांतले जंतू आणि हार्मोन आणि पाळी यांचा कसा संबंध असतो ते. काही खरं, काही वाढवून सांगितलेलं. मी ऐकते आणि गप्प बसते. मी आता लाइनवर सुपरवायझर आहे. माझ्या लाइनला रिलिव्हर कमी पडू देत नाही, त्यावरून साहेबांशी माझं वाजतं. एखादी मुलगी सुकलेली दिसली की मी तिला बाजूला घेते आणि विचारते, जेवतेस का? त्या हसतात. मॅडमचं एकच पालुपद आहे म्हणतात. मग शिफ्ट सुटते, त्या घोळक्यानं निघून जातात, आणि मी खोलीवर येते. एका माणसाचा भात लावते. एका माणसाचं दही लावायचं म्हणजे अवघड असतं, वाटीभर दुधाला केवढं विरजण लागतं याचा अंदाज मला अजून येत नाही. कधी आंबट होतं, कधी लागतच नाही. जेवायला बसले की रेडिओ लावते. ऐकायला नाही, नुसता आवाज असावा म्हणून.

आणि अशीच एकदा जेवत असताना माझ्या लक्षात आलं. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही माझं पोट सुधारावं म्हणून दोन एसट्या बदलून यायचात. ते होतंच. पण आई गेल्यावर तुम्हीही घरात एकटेच जेवत होता की. चुलीपुढं बसायचं, आपलीच भाकरी आपणच थापायची, आपणच खायची. मी सोबत होते तोवर दोन ताटं होती, मी गेले आणि एक राहिलं. तुम्हाला कुणी विचारत होतं का, आप्पा, जेवलात का म्हणून? माझं पोट बरं झाल्यावरही तुम्ही येत राहिलात. मी म्हणायची, आता कशाला एवढी दगदग करता. तुम्ही म्हणायचात, "यष्टीत तेवढंच चार मानसं भेटत्यात." मला तो विनोद वाटायचा.

हे कुठं पाठवायचं नाही. तुमचा पत्ता नाही आणि वाचून दाखवायला कुणी नाही. फक्त एक गोष्ट आहे, ती मी कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगून उठते. तुम्ही गेलात त्या सकाळी कंपनीच्या गेटवर निरोप आला. मी तशीच निघाले, न्हावरा, चौफुला, तिथून जीप. घरी पोचले तेव्हा तुम्हाला अंगणात घेतलं होतं. सगळे माझ्यासाठीच थांबले होते. मी पुढं झाले तर चुलतीनं दाराशीच माझा दंड धरला आणि कानाशी विचारलं, "तुझं काय न्हाई ना गं? बाहेरची असलीस तर लांब उभी ऱ्हा, पानी दुसरं कुणी घालंल." मी तिच्याकडं बघून न्हाई म्हणाले. मग तुमच्या उशाशी बसले, तुळशीच्या पानावरून तुमच्या तोंडात पाणी सोडलं, तोंड पुसलं, कपाळावर हात ठेवला.

सकाळी एसटीतच मला पाळी आली होती, आप्पा. अगदी तारखेला.